फरशीखालची ऊब

२ डिसेंबर, मंगळवार

पोचले बाई एकदाची. तामसीहून आदिलाबाद, आदिलाबादहून बेल्लमपल्ली आणि तिथून ऑटोत गादी, स्टोव्ह, दोन बोचकी आणि मी. ऑटोवाल्याला इप्पगुडा कॉलनी म्हटलं तर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तिथं आता राहतं तरी कोण. मी म्हटलं, आजपासून मी राहते. मग त्याने भाडं आधीच मागून घेतलं.

रोजनिशी लिहायची सवय बाबांनी लावली. नागोराव मास्तरांची मुलगी आहे मी. घरात आमी-तुमी बोला, वहीत आम्ही-तुम्ही लिहा, असा त्यांचा कायदा होता. बाबा गेले, कायदा राहिला.

क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा. कंपनीने खाणकामगारांसाठी बांधलेल्या या चाळी, त्यातल्या निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. कॉलनीच्या खाली जुनी खाण आहे, ती कधीच बंद झाली. आता पलीकडे उघडी खाण चालते, म्हणजे वरची जमीनच खरवडून कोळसा काढायचा. त्या खरवडलेल्या मातीचा एक डोंगर पश्चिमेला उभा आहे. दुपार कलली की सूर्य त्याच्यामागे जातो आणि आपली संध्याकाळ सगळ्या जिल्ह्याच्या आधी होते.

साखरेचा डबा वाटेत फुटला होता. साखर ओट्यापासून चुलीपर्यंत सांडली, आणि आवरायचा आला कंटाळा. म्हटलं, मुंग्यांनो, करा आज दिवाळी. पण एकसुद्धा मुंगी आली नाही. भिंतीवर पाल नाही, न्हाणीत झुरळ नाही. इतकं स्वच्छ घर मला जन्मात मिळालं नव्हतं.

आणि खरी गंमत पुढेच. इकडचा डिसेंबर म्हणजे दात वाजवणारा, शहाबादी फरशी तर पायाला चावते. चपला काढून मी घाबरतच पाय टेकवला, तर फरशी कोमट. नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. वाटलं, या घराने माझी वाट पाहिली.

आता तेजूला आणायचं. तेजस्विनी माझी, दुसरीत आहे, तामसीला माझ्या आईजवळ राहते. नवरा, धम्मदीप, अपघातात गेला, त्यानंतर मी नर्सिंगचं काम धरून जिकडे तिकडे भटकले आणि लेक आईच्या पदरात टाकली. नोकरीसोबत राहायला घर मिळालं ते इथंच पहिल्यांदा. संक्रांतीच्या सुट्टीत दोघी येतील, तेजूला आवडलं तर जूनपासून तिची शाळा इथली. तिला जवळ घेऊन झोपायचं, यासाठी मी ही नोकरी घेतली. बाकी मला काही नको.

४ डिसेंबर, गुरुवार

दवाखाना म्हणजे एक टेबल, एक खाट आणि मी. डॉक्टर मंगळवारी येतात, तेही आले तर. माझं नाव मैत्री, पण ते इथं कोणी विचारलं नाही. सगळे शिस्टरबाई म्हणतात.

शेजारी जयवंताबाई आहेत. सत्तरीच्या, एकट्या. मूळच्या कापूसवाल्या गावच्या, लग्न होऊन खाणीवर आल्या. मी पहिल्याच दिवशी मावशी म्हटलं तर म्हणाल्या, मले कोनी मावशी म्हनून किती वर्सं झाली पोरी. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणून दिली, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्यांची एक रीत पाहिली. रोज सकाळी घरात हातातल्या काठीने फरशी ठोकून पाहतात. मधोमध, मग कोपऱ्यांत. मला वाटलं साप-बिप. तर म्हणाल्या, खाणीत शिरताना माणसं अशीच डोक्यावरचं छत ठोकून पाहायची. ठण्ण वाजलं तर पक्कं, ढब वाजलं तर मागं फिरायचं. आपली फरशी म्हणजे खालच्यांचं छतच की, असं म्हणाल्या. माझ्याही घरात ठोकून दिलं. ठण्ण. म्हणाल्या, राह्य बिनघोर.

दुपारी उघड्या खाणीत स्फोट होतो. भोंगा वाजतो, मग भांडी आपोआप खुळखुळतात. पहिल्या दिवशी मी दचकून टेबलाखाली गेले. एक पेशंट होता, तो इतका हसला की त्याची खोकल्याची उबळच थांबली.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. तामसीला आज सगळं विहार भरलेलं असेल. मी दवाखान्याच्या खिडकीत बाबासाहेबांच्या फोटोपुढे एकटीनेच मेणबत्ती लावली आणि त्रिसरण म्हटलं. एकटीने म्हटलं की आवाज आपलाच आपल्याला परका वाटतो.

रात्री आईला फोन केला. तिचे गुडघे थंडीत धरतात. तिला फरशीचं सांगितलं तर ती म्हणाली, मैत्री, खोटं नको बोलू माय. मी शपथ घेतली. मग तीच विचारू लागली, संक्रांत किती दिवसांवर आहे. तेजूने फोन ओढून घेतला आणि सांगितलं की तिचा पुढचा दात पडला, आणि तो तिने माझ्यासाठी डबीत ठेवला आहे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ फरशीवर नुसती बसून राहिले. ऊब होती म्हणून बरं वाटलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज बायकांना जमवून भाषण ठोकलं. थंडी वाढली की लोक कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं लावून झोपतात. मी सांगितलं, बायांनो, त्या विषारी वायूला ना वास ना रंग. आधी डोकं जड होतं, मग गोड झोप येते, आणि मग माणूस उठतच नाही. गाल तेवढे लाल दिसतात, जसं काही माणूस ठणठणीत आहे. बायकांनी माना डोलावल्या. जयवंतामावशी म्हणाल्या, आपल्या ओळीत शेगडी कोन पेटवते, आपल्याले गरजच नाही.

परत येताना चाळीमागचा कडुनिंब पडलेला पाहिला. वारा नव्हता. वरती हिरवागार, पालवी तशीच. मुळं पाहिली तर कोळसा. हात लावला आणि हात काळा झाला. जवळच्या भेगांतून वाफ येत होती आणि दोन म्हातारे तिच्यावर हात शेकत गप्पा मारत होते. मीही शेकून घेतले. काय करता.

१४ डिसेंबर, रविवार

रविवार खायला उठतो. दवाखाना बंद, मावशी बाजाराला. कपडे धुतले, डोकं धुतलं, तेजूसाठी उशीला अभ्रा शिवला. तरी दिवस उरलाच.

दुपारी भोंगा झाला, स्फोट झाला, भांडी वाजली आणि थांबली. त्यानंतर ठोके आले. फरशीखालून.

आधी वाटलं उंदीर. मग वाटलं जुना पाइप. पण ठोक्यांना चाल होती. ठक-ठक, थोडं थांबून, ठक. धम्मदीप दार असंच वाजवायचा. बोटातल्या अंगठीने, दोन आणि मग एक, म्हणजे मी आहे, दुसरं कोणी नाही. मी हातातली सुई खाली ठेवली.

आई म्हणते, दिसत नाही त्याच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही नाही. तिसऱ्या हाकेला द्यावी, कारण तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूसच असतो. बाबा यावर फार हसायचे. भुताखेतांना त्यांनी घरात पाऊल टाकू दिलं नाही. मीही त्यांचीच लेक. पण तरी मोजलं. ठोके पुन्हा आले, आणि पुन्हा आले.

लाटणं घेतलं आणि फरशीवर ठोकलं. दोन आणि मग एक.

खाली एकदम सगळं शांत झालं. कोणी कान देऊन ऐकतं तसं. लिहिताना आता हसू येतं आहे, पण तेव्हा मी लाटणं हातात धरूनच फरशीला कान लावला. किती दिवसांनी मला कोणी उत्तराची वाट पाहायला लावलं होतं.

१५ डिसेंबर, सोमवार

मावशींना गंमत म्हणून सांगितलं. त्यांच्या हातातली परात खाली पडली. त्यांनी मला काठीने मारलं नाही एवढंच. काऊन देल्लं तू उत्तर, काऊन देल्लं, असं म्हणत राहिल्या आणि मग दार लावून घेतलं.

मी ओट्यावर बसून होते. संध्याकाळी त्यांनीच दार उघडलं आणि सांगितलं की चंपतरावांना विचार, माझ्यानं बोलवत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

चंपतराव ओळीच्या टोकाला राहतात. खाणीत सरदार होते, म्हणजे एका तुकडीच्या जिवाची जबाबदारी त्यांची. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले.

ते म्हणाले, कोळसा काढला की पोकळी राहते, आणि तीत गोदावरीची वाळू भरायची असते. इथं थोडी वाळू खाली भरली, बाकीची कागदावर. उरलेला कोळसा तिथं आपोआप तापत गेला आणि एक दिवस पेटला. आग विझवायची तर हवा तोडायची, हवा तोडायची तर वाटेवर भिंत बांधायची. भिंत उभी राहत होती तेव्हा आत तिघं होते. एक मावशींचा नवरा, महिपत. आग भडकली तर सगळी खाण जाईल, वरची कॉलनी जाईल, असा हुकूम आला. विटा चंपतरावांच्या तुकडीने रचल्या.

खाणीचा जुना नियम असा की आतून ठोका आला की बाहेरून ठोका द्यायचा, म्हणजे आतला माणूस धीर सोडत नाही. त्या दिवशी साहेबाने समजावलं की ठोका देऊ नका. दिला तर ते भिंतीपाशीच बसून राहतील, नाही दिला तर दुसरी वाट शोधायला जातील. दुसरी वाट नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिघं ठोकत राहिले आणि ही माणसं भिंतीला पाठ लावून बसली. तेव्हापासून कॉलनीत नियम आहे की खालून ठोका आला तर उत्तर द्यायचं नाही. वर कोणी आहे हे कळू द्यायचं नाही.

मी विचारलं, काका, तुम्हाला अजून ऐकू येतात का. ते म्हणाले, मधी बंद झाले होते. उघडी खाण इकडं सरकली, जुन्या पोकळीला तिनं भोक पाडलं, खाली हवा गेली. तवापासून आग परत जागी झाली. अन् तेही.

मी घरी आले. आज फरशी कालच्यापेक्षा गरम वाटली.

२१ डिसेंबर, रविवार

स्वतःलाच धडा देते. जमीन तापते, दगड फुगतो, फुगताना वाजतो. बाबा असते तर फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. मेलेल्या माणसाला हात नसतात, हात नाहीत तर ठोका नाही. झालं.

तरीही ठोके रोज येतात, दुपारच्या स्फोटानंतर. मी स्वयंपाकघरात असले तर स्वयंपाकघरात, न्हाणीत असले तर न्हाणीत. मी पाय न वाजवता चालायला शिकले आहे.

सकाळी उठलं की डोकं ठणकतं. दवाखान्यात गेलं की तासाभरात उतरतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

जमिनीच्या उष्णतेबद्दल मी बेल्लमपल्लीला कंपनीच्या ऑफिसात दरखास्त दिली होती. आज दोन माणसं मुआयना करायला, म्हणजे पाहणीला आली. मी येडी, साहेबलोक येणार म्हणून पहाटेच उठून सगळी दारं-खिडक्या उघडल्या, घर झाडलं, फरशी पुसली, उदबत्ती लावली. मावशींनीही तसंच केलं. पाहुणा येणार तर घर हवेशीर पाहिजे ना. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून वायू मोजायचं यंत्र धरलं. यंत्र गप्प. एमी लेदु, काही नाही, त्यांतला एक म्हणाला. चहा पिऊन गेले.

गेल्यावर थंडी वाजली म्हणून आम्ही दारं लावून घेतली.

३० डिसेंबर, मंगळवार

मावशी थंडीत कोंबड्या घरात घेतात. सकाळी सगळ्या मेलेल्या. मानमोडीचा रोग म्हणून लोकांनी त्या दूर नेऊन पुरल्या. पण मानमोडीत कोंबडी मान वाकडी करून तडफडते. या तर पंखात डोकं घालून झोपल्या होत्या.

मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, तू उत्तर देल्ल्यापासून ते माह्या घराखाली येऊन बसलेत. तुह्या घरी जातात, मग माह्या घरी येतात. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, तुहं नाही चुकलं पोरी. चुकलं तं आमचं. माणूस दार वाजवून राह्यला अन् आमी आतून कडी लावून बसलो.

२ जानेवारी, शुक्रवार

ठोके वाढले. आता स्फोटाची वाट पाहत नाहीत. दोन आणि एक.

आईने फोनवर विचारलं, तुझा आवाज असा काऊन झोपेतल्यासारखा. म्हटलं काम जास्त आहे. तेजू म्हणाली, पुढच्या शनिवारपासून सुट्टी, मी तुझ्या गरम फरशीवर लोळणार. मी हो म्हटलं. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तिचा आवाज ऐकला की माझी जीभ उलटी फिरते. लय एकटं वाटते हो. डायरीत तरी कबूल करते.

४ जानेवारी, रविवार

मावशी गेल्या.

दार आतून बंद होतं, चंपतरावांनी तोडलं. फरशीवर आडव्या, कान खाली लावलेला, हातात काठी. फरशीवर काठीचे कितीतरी ओरखडे. इतक्या वर्षांनी त्यांनी उत्तर दिलं होतं.

डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनी हृदयविकार लिहिलं. वय झालं होतं म्हणाले. मी तोंड पुसायला पदर भिजवला तर गाल लाल. लालचुटूक. मावशी कधी इतक्या चांगल्या दिसल्या नव्हत्या. मी तशीच पाहत बसले आणि मला माझंच भाषण ऐकू आलं.

५ जानेवारी, सोमवार

शेगडी खोलीत नव्हती. खोलीच शेगडीवर होती.

मुंग्या नाहीत. पाल नाही. डोकं सकाळी ठणकते, बाहेर गेलं की उतरते. कोंबड्या. मी नर्स आहे. मी नर्स आहे आणि मला ही ऊब आवडली.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं. म्हणाले, यंत्राने नाही म्हटलं ना. चंपतरावांना सांगितलं तर त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, माही लेक बेल्लमपल्लीत राह्यते, तिच्या घरी खोली खाली आहे. शनिवारी जावयाचा टेम्पो मोकळा होतो. दिवेलागणीला घेऊन येतो, सामान बांधून ठेवा.

तोवर खिडक्या उघड्या ठेवून झोपते. आईला फोन करते, येऊ नको. इकडे नको, बेल्लमपल्लीला ये.

७ जानेवारी, बुधवार

काल दवाखान्यातल्या खाटेवर झोपले. तिथंही ठोके. तिथं फरशी नाही, कोबा आहे. तरी.

फोन लागत नाही. डोंगरामागे टॉवर होता, डोंगर वाढला. चढावर जाऊन लावला. आईचा बंद येते.

उत्तर दिलं नाही. हे लिहून ठेवते. आज दिवसभर दिलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

आईला निरोप धाडला. तामसीला आईच्या शेजारच्या भारतने फोन उचलला, सांगतो म्हणाला. देवा— बाबा असते तर रागावले असते. देव नाही म्हणायचं. बरं. भारता, सांग बाबा.

रात्री खिडकी उघडी ठेवते. थंडीने बोटं वाकत नाहीत. खाली इतकं ऊबदार आहे आणि मी वर कुडकुडत बसते.

आता ठोक्यांत चौथा माणूस आहे. हलका हात. काठीचा.

१० जानेवारी, शनिवार

दुपारी दवाखान्यातून आले तर दार उघडं— म्हणजे कुलूप काढलेलं. चंपतरावांकडे दुसरी किल्ली असते. आई आणि तेजू. आत.

भारतने सांगितलं नाही. की सांगितलं आणि आईने ऐकलं नाही. ती म्हणते पोरगी रडत होती, सुट्टी लागली, पहाटेच्या गाडीनं निघालो. चंपतराव टेम्पो आणायला गेले, जाताना किल्ली देऊन गेले. त्यांनी बाहेर थांबा म्हणून सांगितलं होतं. पण तेजूला सर्दी, वारा झोंबतो. आईने सगळं बंद केलं. खिडकीच्या फटीत माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. दाराखाली गोधडी. तिची रीतच आहे, आदिलाबादच्या थंडीत ती लेकराला अशीच जपते. मलाही अशीच जपली.

मी खिडकी उघडली. तेजू खोकली. आई रागावली, लावली. मी पुन्हा उघडली. मी सांगितलं सगळं, वायू, मावशी, सगळं. आई म्हणाली बरं बरं, थोडं बस तर खरी, उभ्यानं बोलू नको, चेहरा पाह्य तुहा. तेजूने माझा हात धरला. दाताची डबी दाखवली.

थोडंच बसते. दिवेलागणीला टेम्पो येतोच.

—

सूर्य डोंगरामागे गेला. आई झोपली. फरशीवर, उशी न घेता. म्हणाली होती, माय, गुडघे कसे मोकळे झाले. गाल किती छान

उठून खिडकी उघडायची आहे. उठते. हे एवढं लिहिते आणि उठते.

—

तेजू विचारते, आई, खाली कोण राहते. तिने दात ठेवलेल्या डबीने फरशीवर— मी हात धरला तिचा. म्हटलं, उत्तर नाही द्यायचं. कोणी वाजवलं तरी नाही. शपथ घातली. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. किती महिन्यांनी. केसांना तामसीच्या घरचा वास आहे

पाय उठत नाहीत. मुंग्या आल्यात. चला, मुंग्या आल्या शेवटी

—

ठोके. जोरात. खालून. नाही, दारातून. नाही

घर सगळीकडून वाजून राह्यलं. दोन अन् एक नाही आता. नुसते ठोके. तेजू हलली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. गप माय. वर कोनी आहे हे कळू द्यायचं नाही

—

हाक मारली. शिस्टरबाई.

खालच्यायले माहं हे नाव कसं

ओ देत नाही. पहिली आहे ही. आई म्हणते तिसरीला द्यावी, तिसऱ्यांदा मारते तो माणूसच

बाहेर गाडीसारखं काही घरघरते. की डोक्यात. तेजूचा गाल गरम आहे. लाल, पेरूच्या आतल्यासारखा

दार धडधडते

शिस्टरबाई.

ही दुसरी. तिसरी आली की मी ओ देते. तेजू, तिसरी आली की आपन दोघीनं मिळून

अजून नाही आली

तिस